जॉन चार्नली

सर जॉन चार्नली (जन्म : बरी, लँकेशायर, इंग्लंड, २९ ऑगस्ट १९११; मृत्यू : मँचेस्टर, ५ ऑगस्ट १९८२) हे इंग्लिश अस्थिशल्यचिकित्सक होते. खुब्याचा झिजलेला सांधा काढून त्या जागी धातूचा छोटा गोल व प्लास्टिकची वाटी बसवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. लँकेशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयात १९६२ साली सिद्ध झालेली ही पद्धत आजच्या खुबारोपण शस्त्रक्रियेचा पाया मानली जाते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यासाठीही पुढे हेच पदार्थ वापरले गेले. चार्नलींना हे यश एका मोठ्या अपयशानंतर मिळाले. त्यांनी प्रारंभी वापरलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या झिजून निकामी झाल्या आणि सुमारे तीनशे रुग्णांवरील उपचार फसला. त्यानंतरची त्यांची कार्यपद्धती या अनुभवातूनच घडली.

बालपण आणि शिक्षण

चार्नलींचे वडील आर्थर यांचे बरी गावात औषधांचे दुकान होते, तर आई लिली यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. मँचेस्टरच्या उत्तरेचा हा परिसर त्या काळी सूतगिरण्यांचा व यंत्रमागांचा होता. या यंत्रमागांशी चार्नलींच्या आयुष्यातील एका निर्णायक प्रसंगाचा संबंध पुढे यायचा होता. बरी ग्रामर स्कूलमधील शिक्षण संपवून १९२९ साली त्यांनी मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. १९३५ साली ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले. मँचेस्टरमधील ख्यातनाम अस्थिशल्यचिकित्सक हॅरी प्लॅट यांच्या प्रभावामुळे ते अस्थिशल्यचिकित्सेकडे वळले.

युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात १९४० साली ते ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात स्वेच्छेने दाखल झाले. डंकर्कमधून सैन्य माघारी आणण्याच्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला. पुढे त्यांची नेमणूक कैरो येथे झाली. तेथे जखमी सैनिकांसाठी लागणारे खपाटे व आधारपट्ट्या तयार करणाऱ्या कार्यशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. लष्करी यंत्रकारांच्या सहवासात त्यांनी पायासाठी नवी उपकरणे घडवली. यंत्रकामाची ओढ त्यांना मुळातच होती. कैरोतील कामाने तिला शिस्त लागली. शल्यचिकित्सकाने कारागिराच्या शेजारी उभे राहून काम करावे, ही त्यांची पुढील आयुष्यातील रीत येथेच रुजली, असे म्हणण्यास हरकत नाही.

युद्धानंतर १९४६ साली ते काही महिने ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरोग रुग्णालयात होते. रोपण केलेल्या हाडाच्या तुकड्याचे शरीरात पुढे काय होते, हा प्रश्न त्यावेळी त्यांच्या मनात घोळत होता. उत्तर मिळवण्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याकडून स्वतःच्याच नडगीच्या हाडावर शस्त्रक्रिया करवून घेतली. जखमेत जंतुसंसर्ग झाला, तो हाडापर्यंत पोहोचला आणि त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. या प्रयोगातून शास्त्रीय निष्कर्ष फारसा निघाला नाही. मात्र स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्यांची ही शेवटची वेळ नव्हती.

अस्थिभंग आणि गुडघ्याचे सांधे

१९४७ साली मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीमध्ये त्यांची वरिष्ठ पदावर नियुक्ती झाली. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या ग्रंथाचा विषय होता नेहमी आढळणाऱ्या अस्थिभंगांवर शस्त्रक्रिया न करता करावयाचे उपचार. मोडलेले हाड हाताने बसवून प्लास्टर घालणे ही तोवर अनुभवाने साधणारी कला मानली जात असे. मोडलेल्या हाडाभोवतीचे न फाटलेले मांस व आवरण बिजागरीसारखे काम करते आणि तीन ठिकाणी योग्य दाब दिल्यास हाड जागेवर टिकते, हे त्यांनी यंत्रशास्त्राच्या आधारे समजावून सांगितले. हा ग्रंथ अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या वापरात राहिला.

त्या काळी क्षयरोगाने वा संधिवाताने निकामी झालेल्या गुडघ्यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे तो सांधा कायमचा जखडून टाकणे. दोन हाडांची टोके कापून समोरासमोर आणली जात. पण ती जुळून येण्यास महिनोन्महिने लागत. चार्नलींनी हाडांतून आरपार सळ्या घालून त्यांना बाहेरून पकडीच्या साहाय्याने एकमेकांवर दाबून धरले. त्यामुळे काही आठवड्यांतच हाडे जुळू लागली. दाबाखाली हाड लवकर सांधते, या निरीक्षणावर त्यांनी १९५३ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वेदना थांबवण्यासाठी हालचालीचा बळी देणारा हा उपाय होता. पुढे खुब्याच्या बाबतीत मात्र त्यांनी हालचाल राखणाऱ्या सांध्याचा ध्यास घेतला.

कुरकुरणारा सांधा

खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे प्रयत्न चार्नलींच्या आधीही झाले होते. लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी १९३८ साली पोलादी सांधे बसवले होते. पॅरिसमधील ज्यूडे बंधूंनी १९४६ पासून मांडीच्या हाडाचा वरचा गोल ॲक्रिलिकचा बनवून बसवण्यास प्रारंभ केला होता. असा ज्यूडे सांधा बसवलेला एक रुग्ण चार्नलींकडे आला. त्याने हालचाल केली की सांध्यातून कर्र असा आवाज येई. तो इतका त्रासदायक होता, की जेवणाच्या टेबलावरून त्याच्या पत्नीला उठून जावे लागे. इतरांना हा प्रसंग गमतीचा वाटला असता. चार्नलींनी मात्र त्यातून घर्षणाचा मुद्दा हेरला : आवाज येतो म्हणजे गोल आणि वाटी यांच्यात घर्षण फार आहे आणि प्रत्येक हालचालीबरोबर तेच घर्षण कृत्रिम गोलाला हाडातून उपटू पाहत आहे.

निरोगी सांधा मुळात इतका निसरडा कसा असतो, याचा शोध त्यांनी घेतला. नुकत्याच कापाव्या लागलेल्या अवयवांतील सांधे तपासल्यावर त्यांना दिसले, की कूर्चेवर कूर्चा घसरताना होणारे घर्षण बर्फावरून घसरणाऱ्या पट्टीच्या घर्षणाहूनही कमी असते. हा गुण कूर्चा आणि सांध्यातील द्रव यांच्या जोडीचा आहे. कृत्रिम पृष्ठभागांच्या बाबतीत त्या द्रवावर विसंबता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यामुळे मुळातच निसरडा असलेला पदार्थ हवा होता. त्या वेळी ज्ञात असलेल्या घन पदार्थांत टेफ्लॉन सर्वांत निसरड्या पदार्थांपैकी एक होता आणि शरीरात तो निरुपद्रवी राहतो असे समजले जात होते.

राइटिंग्टन

विगनजवळचे राइटिंग्टन रुग्णालय हे क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम होते. स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधांमुळे हाडांचा व सांध्यांचा क्षय आटोक्यात येऊ लागला आणि तेथील खाटा रिकाम्या पडू लागल्या. चार्नलींनी मँचेस्टरमधील काम टप्प्याटप्प्याने कमी करून खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र केंद्र उभारण्यासाठी याच जागेची निवड केली. १९६१ साली हे केंद्र सुरू झाले. शस्त्रक्रियागृहाबरोबरच तेथे यांत्रिक प्रयोगशाळा व कार्यशाळाही होती. आरंभीच्या काळात टेफ्लॉनच्या वाट्या चार्नली स्वतः घरच्या लेथवर कातीत असत.

याच काळात त्यांनी दोन महत्त्वाचे निर्णय घेतले. पहिला सिमेंटविषयीचा. मँचेस्टर विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागातील पदार्थतज्ज्ञ डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने, कृत्रिम दात बनवण्यासाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक त्यांनी १९५८ पासून हाडात भरण्यास सुरुवात केली. हा पदार्थ गोंदासारखा चिकटत नाही. भिंतीच्या फटीत भरलेल्या चुन्यासारखा तो हाडाच्या खाचाखोचांत शिरून कडक होतो आणि शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो. दुसरा निर्णय गोलाच्या आकाराचा. इतर शल्यचिकित्सक नैसर्गिक गोलाएवढा, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटरहून अधिक व्यासाचा गोल वापरत. गोल जितका लहान, तितके घर्षणामुळे वाटीवर येणारे पिळाचे बल कमी, हे साधे गणित मांडून चार्नलींनी व्यास २२.२२५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सात-अष्टमांश इंचापर्यंत उतरवला. गोल लहान झाल्याने वाटीची जाडीही वाढवता आली. या रचनेला त्यांनी अल्पघर्षण सांधारोपण असे नाव दिले.

टेफ्लॉनचे अपयश

प्रारंभीचे निष्कर्ष थक्क करणारे होते. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही आठवड्यांत वेदनेशिवाय चालू लागले. मे १९६१ मध्ये चार्नलींनी ही शस्त्रक्रिया द लॅन्सेट या नियतकालिकातून जाहीर केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत मात्र रुग्ण परतू लागले. क्ष-किरण चित्रांत धातूचा गोल वाटीत खोल रुतत चाललेला दिसे. सांधा उघडल्यावर आत झिजलेल्या टेफ्लॉनच्या कणांभोवती साचलेला चिकट, पनीरासारखा पदार्थ आढळे आणि भोवतालचे हाड पोखरलेले असे. सुमारे तीनशे रुग्णांच्या शरीरात असे सांधे होते.

टेफ्लॉन निरुपद्रवी आहे हे गृहीतकच आता तपासणे आवश्यक होते. चार्नलींनी टेफ्लॉनचे सूक्ष्म कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. सोबत तुलनेसाठी नव्या पॉलिथिनचे कणही घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी तयार झाल्या, तर पॉलिथिनच्या जागी तशी प्रतिक्रिया दिसली नाही. १९६३ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. ठोकळ्याच्या रूपात निरुपद्रवी असणारा पदार्थ कणांच्या रूपात घातक ठरू शकतो, हे यातून स्पष्ट झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पॉलिथिनच्या कणांविषयीही हाच प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. तेव्हा हाड पोखरले जाण्याचा दोष काही काळ सिमेंटवर टाकला गेला होता. पुढे तो मुख्यतः वाटीच्या झिजेचा असल्याचे दिसून आले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस अधिक टिकाऊ पॉलिथिन वापरात आले.

पॉलिथिनची वाटी

नवा पदार्थ सापडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाकडे जाते. राइटिंग्टनच्या कार्यशाळेत त्यांनी पदार्थांची झीज मोजणारे यंत्र उभारले होते. मे १९६२ मध्ये एक विक्रेता यंत्रमागांच्या दंतचक्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या, अतिशय दीर्घ रेणूंच्या पॉलिथिनचा नमुना घेऊन रुग्णालयात आला. चार्नलींनी त्या तुकड्यावर अंगठ्याचे नख दाबून पाहिले, तो मऊ असल्याचे पाहून नापसंत केला आणि ते व्याख्यानासाठी कोपनहेगनला निघून गेले. क्रेव्हन यांनी तरीही तो तुकडा यंत्रावर चढवला. तीन आठवडे अखंड चालवूनही त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसातील झिजेपेक्षा कमी भरली. परत आल्यावर चार्नलींनी मोजमापे स्वतः तपासली आणि आपले मत बदलले.

नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिनची पहिली वाटी रुग्णाच्या शरीरात बसवण्यात आली. मात्र या वेळी त्यांनी जाहिरातीची घाई केली नाही. लीड्सच्या थॅक्रे कंपनीकडून तयार होणारे सांधे प्रारंभीची अनेक वर्षे खुल्या बाजारात उपलब्ध नव्हते. राइटिंग्टनला येऊन, तेथे राहून शस्त्रक्रिया शिकून गेलेल्या शल्यचिकित्सकांनाच ते विकत मिळत. या अटीमुळे त्यांच्यावर एकाधिकाराचा आरोप झाला. सांधा किती वर्षे टिकतो हे कळण्यापूर्वी तो हजारो रुग्णांच्या शरीरात जाऊ नये, ही त्यामागील भूमिका होती आणि टेफ्लॉनचा इतिहास पाहता ती रास्त होती. मृत्यूनंतर आपला सांधा तपासणीसाठी काढू द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत. बहुसंख्य रुग्णांनी तशी संमतीपत्रे लिहून दिली. अशा प्रकारे मिळालेल्या सांध्यांवरून झिजेचा वेग आणि सिमेंटभोवतीच्या हाडाची स्थिती यांचा अभ्यास झाला.

स्वच्छ हवेचा प्रश्न

सांध्याच्या टिकाऊपणाइतकाच गंभीर प्रश्न जंतुसंसर्गाचा होता. शरीरात कृत्रिम वस्तू असताना खोलवर संसर्ग झाला, तर बहुधा सगळा सांधा काढूनच टाकावा लागे. सुरुवातीच्या काळात शंभरात सात किंवा त्याहून अधिक रुग्णांना हा त्रास झाला. शस्त्रक्रियागृहातील हवेतून व तेथील माणसांच्या अंगावरून जंतू जखमेत पडतात, या तर्कावर चार्नलींनी वायुवीजन यंत्रे बनवणाऱ्या हॉवर्थ कंपनीच्या मदतीने शस्त्रक्रियागृहातच एक बंदिस्त काचघर उभारले. त्यात वरून गाळलेली हवा सतत खाली वाहत असे. शल्यचिकित्सकांसाठी त्यांनी संपूर्ण शरीर झाकणारा, उच्छ्वासाची हवा नळीने बाहेर खेचून घेणारा पोशाखही तयार करवला. १९७० च्या सुमारास राइटिंग्टनमधील संसर्गाचे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले.

आपल्या उपायांचा परिणाम निर्भेळपणे मोजता यावा म्हणून चार्नली प्रतिबंधक प्रतिजैविके देणे टाळीत. टीकाकारांना ही भूमिका हट्टाची वाटे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक रुग्णालयांत मिळून आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८२ साली, चार्नलींच्या मृत्यूच्या थोडेच आधी, प्रसिद्ध झाले. अतिशुद्ध हवेमुळे खोल संसर्ग निम्म्याने घटतो हे त्यात दिसले. प्रतिजैविकांचाही मोठा लाभ होतो हेही दिसले. म्हणजे चार्नलींचा मूळ तर्क बरोबर ठरला, परंतु प्रतिजैविके टाळण्याची त्यांची सवय पुढे टिकली नाही.

सन्मान आणि अखेरची वर्षे

१९५७ साली चार्नलींचा विवाह जिल हीव्हर यांच्याशी झाला. या दांपत्यास एक मुलगा व एक मुलगी होती. १९७४ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९७५ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. अस्थिशल्यचिकित्सकासाठी हा सन्मान अपूर्व होता. १९७७ साली त्यांना नाइट हा किताब देण्यात आला. हाडांच्या सिमेंटवरील त्यांचा ग्रंथ १९७० साली, तर खुब्याच्या अल्पघर्षण सांधारोपणावरील ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला.

गुडघ्याचा कृत्रिम सांधाही त्यांनी रचला होता, पण त्याचा खुब्याच्या सांध्याएवढा प्रसार झाला नाही. राइटिंग्टनमध्ये काम केलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांना मात्र या क्षेत्रात अधिक यश लाभले. त्यांनी धातू, पॉलिथिन आणि सिमेंट हीच त्रयी गुडघ्यासाठी वापरून १९७१ साली आपल्या सांध्याची माहिती प्रसिद्ध केली. आधुनिक गुडघारोपणाच्या इतिहासातील तो एक आरंभबिंदू आहे.

सांध्याची मांडणी आणि संगणक

लहान गोलाचा एक तोटा होता : वाटी चुकीच्या कोनात बसली, तर गोल निखळण्याचा धोका असे. म्हणून चार्नलींनी वाटी सुमारे ४५ अंशांत बसवण्यासाठी मार्गदर्शक अवजारे तयार केली आणि स्नायूंचा ताण राखण्यासाठी मांडीच्या हाडाचा उंचवटा कापून पुन्हा तारेने बांधण्याची पद्धत ठेवली. ही अवजारे रुग्ण टेबलावर कसा निजला आहे यावर अवलंबून असत. शस्त्रक्रियेदरम्यान कटिभाग थोडा कलला, तरी कोन बदले. १९७८ साली ल्यूइनेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटीच्या कोनांची सुरक्षित मर्यादा सुचवली : कलासाठी ३० ते ५० अंश आणि पुढे झुकण्यासाठी ५ ते २५ अंश. त्यानंतर हे कोन अचूक मोजण्याची गरज अधिक जाणवू लागली.

संगणकाच्या साहाय्याने दिशादर्शन करण्याची पद्धत १९९० च्या दशकात पुढे आली. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे खुब्यासाठी अशी प्रणाली विकसित झाली. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉमिनिक सारागाग्लिया यांनी जानेवारी १९९७ मध्ये संगणकाच्या दिशादर्शनाखाली गुडघारोपण केले. या पद्धतीत हाडांना आणि अवजारांना खुणेचे गोळे जोडतात आणि अवरक्त कॅमेरा त्यांच्या जागा सतत टिपतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मांडी गोल फिरवली, की संगणक त्या हालचालीवरून खुब्याचे केंद्र शोधतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांना सळईने स्पर्श करून घोट्याचे केंद्र ठरवले जाते. या दोन बिंदूंवरून पायाचा भारवाहक अक्ष मिळतो आणि हाड किती अंशांत कापायचे ते पडद्यावर दिसते.

या पद्धतीने अक्षापासून फार दूर गेलेल्या सांध्यांचे प्रमाण घटते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे सांधा अधिक वर्षे टिकतो का, याविषयी मात्र एकमत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधारोपण नोंदवहीत ६५ वर्षांखालील रुग्णांमध्ये, संगणकाच्या साहाय्याने बसवलेले गुडघे पुन्हा बदलावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. इतर काही अभ्यासांत दहा वर्षांनंतरही लक्षणीय फरक दिसला नाही. शस्त्रक्रियेला लागणारा जादा वेळ, उपकरणांचा खर्च आणि खुणा रोवण्यासाठी हाडात घालाव्या लागणाऱ्या खिळ्यांमुळे क्वचित होणारे अस्थिभंग हे आक्षेपही घेतले जातात. राइटिंग्टन रुग्णालयात सांधारोपणाच्या शस्त्रक्रिया आजही होतात आणि तेथे चार्नलींच्या काळात सांधे बसवलेल्या रुग्णांचा पाठपुरावा त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षे चालू राहिला.